पदपथावरचे आणि इमारतीतले शेजारी मिळून भाजीबाग कशी सुरू करावी

मुंबई, ठाणे, पुणे किंवा नागपूर यांसारख्या शहरात ज्या रस्त्यावर आपली सोसायटी असते, त्याच रस्त्याच्या पदपथावर, उड्डाणपुलाखाली किंवा बंद दुकानाच्या पायरीवर काही कुटुंबे वर्षानुवर्षे राहत असतात. आपण त्यांना रोज पाहतो, कधी जुने कपडे किंवा उरलेले अन्न देतो. पण शेजारी म्हणून त्यांच्याशी बोलण्याचा प्रसंग सहसा येत नाही, कारण दोघांनी मिळून करायचे असे कोणतेच काम नसते. सामाईक भाजीबाग असे काम पुरवू शकते. ज्यांना अशी बाग सुरू करण्याची इच्छा आहे, पण बागकामाचा आणि बेघर कुटुंबांबरोबर काम करण्याचा अनुभव नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सर्व सूचना तिच्यावर आधारलेल्या आहेत. बेघर शेजारी हा या बागेचा लाभार्थी नाही आणि फुकटचा माळीही नाही. तो पहिल्या दिवसापासून बागेचा सदस्य असला पाहिजे, म्हणजे कुलपाची चावी, अवजारांचा वापर, निर्णयातले मत आणि पिकातला वाटा या चारही गोष्टी त्याच्याकडे इतरांइतक्याच असल्या पाहिजेत. माती, बी, खत यांतल्या चुका एका हंगामात सुधारता येतात, परंतु हक्कांची वाटणी सुरुवातीला चुकली तर बाग हळूहळू सोसायटीची होते आणि पदपथावरचे लोक पुन्हा कुंपणाबाहेर उभे राहतात.

आपले शेजारी कोण आहेत, हे समजून घ्या

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर लोकांची नोंद झाली. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार आणि मुंबईत सुमारे ५७ हजार लोक होते. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या पाइपांत, पुलाखाली, जिन्यांखाली, देवळांच्या आवारात किंवा रेल्वे फलाटांवर राहणाऱ्यांना जनगणना बेघर मानते. झोपडपट्टीत राहणारे लोक या आकड्यात येत नाहीत. रात्री झोपलेल्या आणि सतत जागा बदलणाऱ्या माणसांची मोजणी करणे अवघड असल्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून मोठी आहे, असे बेघरांसोबत काम करणारे कार्यकर्ते सातत्याने सांगत आले आहेत.

या लोकांत नाक्यावर उभे राहून रोजंदारी मिळवणारे कामगार असतात, गजरे आणि फुगे विकणाऱ्या स्त्रिया असतात, भंगार वेचणारे, लग्नसराईत वाढप्याचे काम करणारे, घर सोडावे लागलेले वृद्ध आणि मानसिक आजाराने ग्रासलेली माणसेही असतात. बागेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, त्यांतील अनेक कुटुंबांचे मूळ शेतीत आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू तालुक्यांतून जे लोक शहरांकडे आले, त्यांतील काहींच्या पुढच्या पिढ्या आजही रस्त्यावरच आहेत. खुरपे कसे धरावे, वाफ्याला पाणी कोणत्या बाजूने सोडावे, रोप मलूल झाले तर ते पाण्यावाचून की पाण्यामुळे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. इमारतीतल्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हा नेहमीचा क्रम येथे उलटा होतो आणि या बागेचे खरे सामर्थ्य त्यात आहे.

काही वस्त्या पारधी किंवा अन्य विमुक्त जमातींच्या असतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला असला, तरी परिसरात काही चोरीला गेले की पहिला संशय त्यांच्यावरच घेण्याची सवय अद्याप गेलेली नाही. आपल्या सोसायटीच्या बैठकीतही हा संशय कोणीतरी बोलून दाखवेल. त्याला काय उत्तर द्यायचे, हे आधी ठरवून जावे.

जागा शोधण्यापूर्वी बोलणी करा

उत्साही मंडळी प्रथम जागा मिळवतात, वाफे आखतात, फलक लावतात आणि मग बेघर कुटुंबांना बोलावतात. हा क्रम टाळावा. प्रथम दोन-तीन आठवडे फक्त भेटी आणि बोलणी करावीत. नाका कामगार सकाळी आठच्या सुमारास नाक्यावर गेलेला असतो आणि गजरे विकणाऱ्या स्त्रिया संध्याकाळी सिग्नलवर असतात. म्हणून दुपारची किंवा रविवार सकाळची वेळ धरावी. शक्य असल्यास त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्याला किंवा जवळच्या बेघर निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला सोबत घ्यावे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली २०१३ पासून शहरी बेघरांसाठी निवारे चालवण्याची योजना आली आणि त्यात एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी चोवीस तास उघडा असलेला निवारा असावा, असा निकष ठेवण्यात आला. प्रत्यक्षात निवारे त्यापेक्षा बरेच कमी आहेत, परंतु आपल्या प्रभागात एखादा असेल तर तेथून सुरुवात करणे सर्वांत सोपे जाते.

संबोधनाकडे लक्ष द्यावे. पदपथावरच्या वयस्क बाईला सोसायटीतली तरुण मुले सहजपणे एकेरीत हाक मारतात. बागेत सर्वांनी सर्वांना ‘तुम्ही’ म्हणायचे आणि वयाप्रमाणे मावशी, काका, ताई, दादा म्हणायचे, हा नियम पहिल्याच भेटीपासून स्वतः पाळावा. परवानगीशिवाय छायाचित्रे काढू नयेत. पहिल्या भेटीत मदतीचे आश्वासन देऊ नये. घर, रेशनकार्ड, मुलांचा शाळाप्रवेश यांविषयी अनेकांनी येऊन वचने दिलेली असतात आणि ती पाळली न गेल्याचा अनुभवही त्यांच्या गाठीशी असतो.

विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. गावाकडे कोणते पीक घेत होता? येथे रोजचे जेवण कुठे आणि कशावर शिजवता? पाणी कोठून आणता आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात का? दिवसातला कोणता तास मोकळा असतो? बाग झाली तर त्यातून तुम्हाला काय हवे आहे: भाजी, पैसे, सावलीत बसायला जागा, की सामान ठेवायला कुलूपबंद कपाट? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा भाजी नसते. कागदपत्रे ठेवायला सुरक्षित जागा हवी, असे उत्तर आले तर त्याची नोंद करून ठेवावी. तिचा उपयोग पुढे सांगितला आहे.

जागा, परवानगी आणि एक गंभीर धोका

जागेचे पर्याय साधारणपणे चार असतात: निवाऱ्याची गच्ची किंवा अंगण, महापालिकेच्या उद्यानाचा वापरात नसलेला कोपरा, महापालिका शाळेचे आवार आणि एखाद्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेची मोकळी जागा. सोसायटीचे स्वतःचे आवार हा पाचवा पर्याय वाटतो खरा, पण पहिल्या बागेसाठी तो निवडू नये असे माझे मत आहे. फाटक, पहारेकरी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही जेथे आहे, तेथे बेघर सदस्य पाहुणाच राहतो.

उड्डाणपुलाखालची जागा मागण्यापूर्वी फार विचार करावा. माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये उघडलेली बाग नागरिकांच्या चिकाटीच्या पाठपुराव्यातून उभी राहिली. पुलाखालची जागा पुन्हा बळकावली जाऊ नये हा त्यामागचा एक हेतू होता आणि फेरफटका मारायला हिरवी जागा मिळाली म्हणून आसपासच्या रहिवाशांना तिचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु पुलाखाली कोणी झोपत असेल, तर तेथे लावलेली प्रत्येक कुंडी त्याची झोपायची जागा कमी करते. म्हणून आपल्या बागेसाठी एक अट पाळावी: ज्या जागेवर आज कोणी राहत आहे, झोपत आहे किंवा चूल मांडत आहे, ती जागा बागेसाठी घ्यायची नाही, मग महापालिका ती आनंदाने देत असली तरीही.

परवानगीसाठी विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो. जागा संस्थेची असेल तर तिच्या विश्वस्तांचे लेखी ना हरकत पत्र घ्यावे. मुदत किमान दोन वर्षांची मागावी, कारण पहिले वर्ष माती तयार होण्यात आणि माणसे एकमेकांना ओळखण्यात जाते. पत्र कोणा एका व्यक्तीच्या किंवा सोसायटीच्या नावाने घेऊ नये. बागेची समिती तयार करून तिच्या नावाने घ्यावे आणि त्यात बेघर सदस्यांची नावे असावीत. हा केवळ औपचारिक मुद्दा नाही. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अद्याप लागू आहे आणि त्याखाली रस्त्यावर बसलेल्या माणसाला ताब्यात घेतले जाऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील भिक्षेला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या रद्द केल्या, परंतु तो निर्णय आपल्याकडे लागू होत नाही. बागेच्या शिक्क्याचे, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि परवानगीपत्राची प्रत जवळ असली, तर सदस्याला आपण येथे काम करतो हे निदान दाखवता येते. त्याच पत्राची एक प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात आधीच देऊन पोच घ्यावी.

जागा गच्ची असेल तर वजनाचा हिशेब केल्याशिवाय एकही वाफा बांधू नये. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक फूट खोल वाफ्याचा भार जवळजवळ अर्ध्या टनाचा होतो. संरचना अभियंत्याचे लेखी मत घ्यावे आणि भार तुळयांवर व खांबांजवळ येईल अशी मांडणी करावी.

पाणी आणि शौचालय या दोन सोयी जागेच्या शंभर पावलांत नसतील, तर ती जागा सोडून द्यावी. इमारतीतला सदस्य घरी जाऊन येऊ शकतो. पदपथावर राहणारी स्त्री मात्र प्रत्येक वेळी पैसे देऊन सार्वजनिक शौचालय वापरते आणि पिण्याचे पाणीही अनेकदा विकत घेते. झाडांना पाइपने पाणी घालायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईने पिण्यासाठी वीस लिटरचा कॅन विकत आणायचा, हे चित्र बागेत दिसता कामा नये. बागेच्या नळावरून सदस्यांना पिण्याचे पाणी भरता येईल, असे परवानगी घेतानाच लिहून घ्यावे.

हक्क आणि कष्ट यांचा करार

वाफे भरण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून नियम ठरवावेत आणि ते मोठ्याने वाचून दाखवावेत, कारण काही सदस्यांना वाचता येत नसते. समितीतल्या निम्म्या जागा बेघर सदस्यांच्या असाव्यात. चाव्या किमान चार असाव्यात: दोन पदपथावर किंवा निवाऱ्यात राहणाऱ्यांकडे, दोन इमारतीतल्यांकडे, त्यांतील दोन स्त्रियांकडे.

कष्टाबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. इमारतीतला माणूस आठवड्यातून दोन तास हौसेने काम करतो आणि सर्वांनी तसेच स्वेच्छेने करावे, अशी त्याची अपेक्षा असते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला मात्र त्या दोन तासांची किंमत असते. म्हणून दोन प्रकारची कामे वेगळी ठेवावीत. स्वतःच्या वाफ्यातले आणि सामाईक श्रमदानाचे ठरावीक तास सर्वांना सारखे. त्यापलीकडचे रोजचे पाणी, खताची चाळणी, सामानाची ने-आण ही कामे मजुरीची असावीत आणि ती मजुरी शासनाने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी नसावी. पैसे कुठून येतील याचे उत्तर सापडत नसेल, तर बाग लहान ठेवावी. फुकटच्या श्रमावर मोठी करू नये.

या बाबतीत कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील ‘होमलेस गार्डन प्रोजेक्ट’ अभ्यासण्यासारखा आहे. १९९० मध्ये सुरू झालेल्या या शेतात बेघर व्यक्ती पगारी प्रशिक्षणार्थी म्हणून काम करतात, गावातले स्वयंसेवक त्यांच्या बरोबरीने राबतात आणि नागरिक हंगामापूर्वी पैसे भरून पिकातला वाटा घेतात, म्हणजे बियाणे आणि मजुरी यांसाठी रक्कम आधीच हाती येते. लंडनमध्ये सेंट मंगोज ही संस्था बेघरांसाठी बागकामाचा ‘पुटिंग डाउन रूट्स’ हा उपक्रम चालवते. या दोन्ही ठिकाणची हवामानाची आणि कायद्याची परिस्थिती वेगळी आहे, परंतु हंगामापूर्वी पैसे भरून वाटा घेण्याची पद्धत आपल्या सोसायट्यांत सहज रुजू शकते. वीस घरांनी हिवाळ्याच्या चार महिन्यांची भाजीची रक्कम आगाऊ दिली, तर एका छोट्या बागेचा मजुरीचा प्रश्न बराचसा सुटतो. पैसे बागेच्या बचत गटाच्या खात्यात ठेवावेत आणि महिन्याचा हिशेब फळ्यावर लिहावा.

माती आणि वाफे

शहरातल्या रस्त्याकडेच्या किंवा जुन्या कारखान्याच्या आवारातल्या मातीत शिसे आणि इतर जड धातू असण्याची शक्यता असते. पालेभाज्या ते शोषून घेतात आणि पानांवर बसलेली धूळ वेगळीच. म्हणून जमिनीत थेट लावण्याऐवजी जमिनीपासून उचललेले वाफे किंवा क्रेट वापरावेत, रस्त्याच्या बाजूला वेलांचा किंवा झुडपांचा पडदा ठेवावा आणि नाल्याचे पाणी कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

भाजीबाजारात फुटके म्हणून टाकलेले प्लास्टिकचे क्रेट स्वस्तात मिळतात. पूर्ण मातीने भरलेला असा एक क्रेट नव्वद-शंभर किलोपर्यंत जड होतो आणि हलवता येत नाही. आपल्याला तर हलवता येणारी बाग हवी आहे, कारण परवानगी कधी काढून घेतली जाईल हे सांगता येत नाही. म्हणून क्रेटच्या आतून गोणपाट लावावे, तळाशी रसवंतीवाल्याकडून आणलेली उसाची चिपाडे चांगली कुटून चार-पाच बोटे दाबून भरावीत, त्यावर सुका पाचोळा, मग अर्धवट कुजलेले आणि त्यावर पूर्ण कुजलेले कंपोस्ट आणि सर्वांत वर दोन-तीन बोटे माती घालावी. चिपाडे रसवंतीवाला बहुधा फुकट देतो. मात्र ताजी चिपाडे गोड असल्यामुळे मुंग्या येतात, त्यामुळे ती आधी आठवडाभर उन्हात वाळवून घ्यावीत. दीड-दोन महिन्यांत हा थर खाली बसतो आणि क्रेट पुन्हा भरावा लागतो.

कंपोस्टच्या बाबतीत सोसायट्यांशी नाते जुळते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनंतर रोज शंभर किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा आग्रह महापालिकांनी धरला. अनेक सोसायट्यांत त्यामुळे कंपोस्ट तयार होते, पण ते वापरायला जागा नसते. तेच खत बागेला द्यावे. घेताना हातात घेऊन पाहावे: पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास यावा, मूठ गरम लागू नये आणि त्यात भाजीचे देठ ओळखू येऊ नयेत. आंबूस वास येत असेल तर ते आणखी महिनाभर पाचोळ्यात मिसळून ठेवावे.

पाणी घालण्याचा अंदाज नवख्यांना येत नाही आणि बहुतेक रोपे जास्त पाण्याने मरतात. शेतात आयुष्य गेलेली मावशी काय करते ते पाहावे. ती वरची कोरडी माती बोटाने बाजूला सारते, खालची मूठभर उचलते आणि दाबते. मुठीतून पाणी ठिबकले तर आज पाणी नको. गोळा झाला आणि अंगठा लावताच फुटला तर ओल बेताची आहे. गोळाच झाला नाही तर झारी आणायची. भर उन्हाळ्यात एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला साधारण पाच ते आठ लिटर पाणी लागते, पाचोळ्याचे आच्छादन घातले तर त्याहून कमी. पाणी साठवलेले पिंप झाकलेले असावे आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळून सर्व भांडी, तबकड्या उपड्या कराव्यात. डेंग्यूच्या अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस येईलच, पण त्याआधी पदपथावर मच्छरदाणीशिवाय झोपणारे सदस्य आजारी पडतील.

काय लावावे: चूल पाहून ठरवावे

बागकामाची बहुतेक माहिती घरात स्वयंपाकघर, फ्रीज आणि गॅस आहे असे गृहीत धरते. आपल्या निम्म्या सदस्यांकडे यातले काहीच नसते, म्हणून पिकांची निवड त्यांच्या चुलीवरून करावी. जे कुटुंब पदपथावर तीन विटांच्या चुलीवर लाकडाच्या तुकड्यांनी शिजवते, त्याला झटपट शिजणारी भाजी हवी: माठ, पालक, मेथी, कोवळी चवळी. सुरण किंवा वाळलेला पावटा शिजवायला जितके सरपण लागते, तितके त्यांना परवडत नाही. निवाऱ्यात राहणाऱ्याला अनेकदा स्वतः शिजवायची मुभाच नसते. त्याच्या हातात मेथीची जुडी दिली तर तो तिचे काय करणार? त्याच्यासाठी मुळा, काकडी, टोमॅटो, कांद्याची पात, कोथिंबीर अशी कच्ची खाता येणारी पिके घ्यावीत, किंवा निवाऱ्याच्या स्वयंपाकघराशी बोलून त्याचा वाटा तेथे जमा करावा. आठवड्यातून एकदा बागेतच सर्वांनी मिळून भाजी-भाकरी करणे हा आणखी एक मार्ग आहे आणि ओळखी वाढवण्यासाठी तो फार उपयोगी पडतो.

साठवणीचाही विचार करावा. रविवारी एकदम टोपलीभर भाजी वाटली, तर फ्रीज नसलेल्या घरची ती सोमवारी दुपारी सुकते. तोडणी आठवड्यातून तीनदा थोडी थोडी करावी, आणि माठ-पालकासारखी पिके मुळासकट न उपटता पाने खुडून घ्यावीत, म्हणजे ती पुन्हा फुटतात.

सुरुवात करायला दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, ऊन सौम्य होत असते आणि पालेभाज्या हमखास येतात. मेथी पंचवीस-तीस दिवसांत, पालक पाच-सहा आठवड्यांत आणि मुळा सहा-सात आठवड्यांत निघतो. मुंबईत वाळूत वाढवतात ती बारीक मेथी तर दोन आठवड्यांच्या आतच काढता येते. पहिले पीक लवकर हाती आले की साशंक सदस्यही येऊ लागतात. मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे रोपवाटिकेतून आणावीत. उन्हाळ्यात माठ, गवार, भेंडी आणि अंबाडी तग धरतात. पावसाळ्यात पालेभाज्या सडतात. तेव्हा अळू, काकडी, दोडका, पडवळ आणि भेंडी यांवर भर द्यावा. मावा पडला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.

रोजचा व्यवहार आणि सुरक्षितता

कामाच्या वेळा बेघर सदस्यांच्या दिनक्रमावरून ठरवाव्यात: सकाळी साडेसहा ते आठ आणि रविवारी थोडा जास्त वेळ. अनवाणी काम करू देऊ नये. गमबूट आणि हातमोजे बागेच्या खर्चातून आणावेत. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायाला जखम असेल तर धोका वाढतो. अशा पाण्यातून चालावे लागले तर महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन वेळेत प्रतिबंधक औषध घ्यावे. गंजलेला पत्रा किंवा खुरपे लागले तर धनुर्वाताच्या लसीसाठी सोबत कोणीतरी जावे, कारण एकट्या बेघर माणसाला दवाखान्यात ताटकळत ठेवले जाण्याची शक्यता अधिक असते.

मुलांना बागेत मोकळेपणाने येऊ द्यावे, पण त्यांना मजुरीचे काम देऊ नये आणि शाळेच्या वेळेत थांबवू नये. दारू किंवा अन्य नशा करून आलेल्या सदस्याला त्या दिवशी काम देऊ नये, मात्र दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा यायला सांगावे. हा नियम इमारतीतल्या सदस्यांनाही तितकाच लागू आहे. कोणी सदस्य काही दिवस बोलतच नसेल, एका कोपऱ्यात बसून फक्त माती चाळत असेल, तर त्याला बसू द्यावे.

तक्रारी, चोऱ्या आणि तोडक कारवाई

पिकलेले टोमॅटो एखाद्या रात्री नाहीसे होतील. बैठकीत लगेच बोट पदपथाकडे दाखवले जाईल. अशा वेळी चौकशीच्या भानगडीत न पडता कुंपणालगतच्या दोन क्रेटमधली भाजी कोणीही घ्यावी, अशी पाटी लावावी. ज्याला खरोखर भूक आहे त्याची सोय होते आणि आतले वाफे बहुधा शाबूत राहतात. अवजार हरवले तर ते कोणी परत ठेवले नाही, हे नोंदवहीतून पाहावे. सोसायटीतून घाण, गर्दी किंवा भीती अशा तक्रारी आल्या, तर तक्रारदाराला पत्राने उत्तर देण्यापेक्षा तोडणीच्या सकाळी बोलवावे आणि चवळीच्या शेंगा निवडायला बसवावे. दोघांच्या मध्ये टोपली असली की बोलणे सुरू व्हायला फार वेळ लागत नाही.

सर्वांत कठीण प्रसंग अतिक्रमण निर्मूलनाची गाडी येते तेव्हाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले, आणि मुंबईच्या पदपथवासीयांना हटवण्याची मुभा देतानाही पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबण्यास सांगितले. तरीही प्रत्यक्षात कारवाईच्या वेळी भांडी, अंथरुणे आणि कागदपत्रे गाडीत टाकली जातात, आणि आधार कार्ड, रेशनकार्ड, मुलांचे दाखले पुन्हा मिळवण्यात कुटुंबाची वर्षे जातात. म्हणून बागेत एक लोखंडी, कुलूपबंद कपाट असावे आणि ज्या सदस्याची इच्छा असेल त्याची मूळ कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत नाव लिहून त्यात ठेवावीत. त्यांच्या प्रती काढून त्याच्याकडे द्याव्यात. कपाटाची चावी त्या सदस्यांपैकीच एकाकडे असावी. बागेची हजेरी वही नियमितपणे, तारखेसह आणि सहीने किंवा अंगठ्याने भरावी, कारण हे कुटुंब या परिसरात किती काळापासून आहे हे दाखवण्यासाठी कार्यकर्त्यांना आणि वकिलांना तिचा आधार घेता येतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या तालुका किंवा जिल्हा कार्यालयाचा पत्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा; स्त्रिया आणि अल्प उत्पन्न असलेल्या व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळतो.

कारवाईनंतर कुटुंब दुसऱ्या रस्त्यावर, कधी दुसऱ्या उपनगरात जाते. त्याचा वाफा लगेच दुसऱ्याला देऊ नये. तीन महिने तो त्याच्या नावाने राखावा, पाण्याची पाळी इतरांनी वाटून घ्यावी, आणि भाजी तयार झाली की त्याच्या वाट्याचे पैसे खात्यात वेगळे लिहून ठेवावेत. नवीन ठिकाणाहून येणे त्याला जमणार नसेल, तर क्रेट हलवता येतात. दोन-तीन क्रेट, एक खुरपे आणि बियाण्याच्या पुड्या टेम्पोत घालून त्याच्याकडे पोहोचवाव्यात आणि तिथल्या शेजाऱ्यांशी ओळख करून द्यावी.